गच्चीवर येत नाही

मुजावरांचा अश्फाक आला, पिशवीतनं खोकं काढलं,
म्हणाला, काका, राउटर कुठं लावू?
मी म्हटलं, रेषेच्या वर.
कुठली रेष, ते त्यानं विचारलं नाही.
आमच्या गावभागात पोरं रांगायची थांबतात
तेव्हाच त्यांना ती ठाऊक होते:
खिडकीच्या चौकटीपासनं चार बोटं वर,
दोनदा रंग दिला तरी
चहाच्या कपाच्या वळासारखी पुन्हा उमटणारी.

रेषेच्या वर हातभर त्यानं स्क्रू पिळले.
हिरवे दिवे लागले.
हॉलमध्ये फुल्ल. देवाच्या कोनाड्याशी निम्मं.
स्वयंपाकघरात नुसतं गोल गोल फिरणारं चाक
आणि मागच्या खोलीत
तेही नाही.

भिंत जाड आहे काका, अश्फाक म्हणाला,
मधल्या दारात रिपीटर टाकून देतो.
मी हसलो.
एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबावर काढलीत मी,
हरभट रोडपासनं टिंबर एरियापर्यंत
सगळं गाव माझ्या पक्कडीखालनं गेलंय.
रिपीटर म्हणजे काय रे? ऐकलेलं पुढं सांगणारा.
त्यालाच अर्धं ऐकू आलं
तर पुढं काय पूर्ण सांगणार?
अशी माणसं काय कमी आहेत सांगलीत!
वायर ओढ.

भिंतीत जुना पाइप होता, आमच्या काळ्या फोनचा.
फोन गेला, तार आत तशीच झोपलेली.
तिच्या शेपटाला नवी केबल बांधली,
वर चिकटपट्टीचे तीन वेढे,
अश्फाक तिकडनं ढकलतोय, मी इकडनं ओढतोय,
त्रिशला म्हणतेय, स्टुलावरनं उतरा आधी.
हिरवट पडलेलं तांबं बाहेर आलं
आणि त्याच्या मागोमाग, निळी, गुळगुळीत, नवी.

स्वयंपाकघराच्या छताला दुसरं खोकं, ताटलीएवढं.
नाव एकच ठेव, म्हटलं, पासवर्डही एकच,
चालता चालता एकाचा हात सुटून
दुसऱ्याचा धरला, तरी कळू नये.
मग मी मोबाईल घेऊन घरभर हिंडलो,
फळीवर, पिंपामागं, मोरीत सुद्धा.
येतंय का? येतंय.
येतंय का? येतंय की!

त्रिशला रोज रात्री नऊला गच्चीवर जायची.
टाकीजवळ, पदर कानावरनं घेऊन,
नयनाशी पाऊण तास.
खाली रेंज नाही म्हणून, असं मी समजत होतो.
आता ओट्याशी उभी राहून बोलते,
नयनाच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतो.
हो. बरं आहे. जेवलीस? हे पण बरे आहेत.
ठेवू?
चार मिनिटं.

आठव्या दिवशी नऊ वाजता
ती कपडे काढायला म्हणून वर गेली.
कपडे दुपारीच काढून झालेले.
माझ्याकडं सात मीटर केबल उरली होती.
मनात म्हटलं, गच्चीवरही एक बसवू,
पावसाचं, बाहेरचं मिळतं.
मोजायला म्हणून जिना चढलो,
निम्म्यावर थांबलो.
वरनं तिचं हसू आलं.
मग हसू नसलेलं काहीतरी.

खांबावर टेस्टफोनचे दोन चिमटे लावले
की अख्खं गाव कानात यायचं.
बेदाण्याचा भाव. कुणाचं हुंदके गिळत ‘काही नाही, सर्दी झालीय’.
आमचे कोकरे मिस्त्री म्हणायचे,
लाइन जिवंत आहे का, तेवढंच ऐकायचं, बाहुबली.
जिवंत असली की चिमटे काढायचे.

मी खाली आलो.
केबल तळव्यावरनं कोपरावर, कोपरावरनं तळव्यावर
गुंडाळली, मीटरशेजारच्या खिळ्याला अडकवली.

महिन्यानं अश्फाक पैशाला आला.
सगळीकडं येतंय ना काका? गच्चीवर?
गच्चीवर येत नाही, म्हटलं.
बघू का?
नको. चहा घे.